अभ्यासिकेची उत्तरेकडची भिंत

ओव्हाळकाकांना पहिली चाहूल लागली ती नाकाने. बिबवेवाडीत त्यांच्या घराच्या तळघरात अभ्यासिका होती. सकाळी कुलूप काढलं की कागदांचा आणि फिनेलचा ओळखीचा वास येई. त्या दिवशी त्यात काहीतरी कुबट मिसळलं होतं. काकांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, कोठारावर गेलेली. ओल म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी उत्तरेच्या भिंतीला उलटा हात लावला. गार. वाकून पाहिलं, तर रंगाला फोड आलेले आणि खाली पिठासारखी पांढरी भुकटी.

काकांनी ती मुकाट्याने झाडून टाकली आणि पुस्तकांचं लोखंडी कपाट तिथे सरकवलं. जाणत्या माणसाने असं करू नये. पण काकांनी केलं, आणि का केलं तेही सांगतो.

अभ्यासिका त्यांच्या पत्नीने, प्रेमलाबाईंनी काढलेली. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं दिवसभर तिथे बसत. दारावर बाईंच्या अक्षरातली पाटी होती : ‘बोलायचे असल्यास जिना चढून वर जावे. जिना त्यासाठीच बांधला आहे.’ बाई गेल्या आणि वरचं घर काकांना खायला उठलं. मग तेही पेपर घेऊन खाली, दाराजवळच्या खुर्चीत बसू लागले. कुणाशी बोलणं नाही की चालणं नाही. पण पानं उलटत, कुणी खोकत असे, कुणाचं पेन पडे. तेवढ्यावर काकांचा दिवस जाई. माणसाला किती थोडं पुरतं, बघा!

वैजनाथ गवंड्याला त्यांनी बोलावलं, तेही रविवारी, मुलं नसताना. तो म्हणाला, “काका, पाणी बाहेरून झिरपतंय. बाहेर खणावं लागेल. भिंत वाळेपर्यंत दिवाळी उजाडेल.”

“नुसता रंग मारला तर?”

“मारा की. ओल दिसायची थांबेल. यायची थांबणार नाही.”

काकांनी रंगच मारला. एकदा उठलेली मुलं दुसरीकडे जागा धरतात, परत येत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढे कपाटाचे पाय गंजले. दार फुगून अडकायला लागलं, तर काका बिजागरीला तेल घालत बसले.

श्रावणात एका दुपारी आम्रपाली नावाच्या मुलीने चार्जर लावायला हात पुढे केला. ती कोपऱ्यातल्या जागेवर बसे. काकांनी सहज तिकडे पाहिलं. बोर्डाच्या वरून एक ओली रेघ खाली आली होती.

म्हातारा धावला. मेन स्विच पाडला. पंखे थांबले, झरोक्यांतला उजेड तेवढा उरला, आणि सगळी डोकी वर झाली. काका बोलायला उभे राहिले, तर एका पोराने सवयीने ओठांवर बोट ठेवून पाटीकडे दाखवलं.

“नाही,” काका म्हणाले. आवाज चिरकाच निघाला. “भिंतीत ओल आहे. मला केव्हाचं माहीत होतं. माझं चुकलं. आत्ताच्या आत्ता सगळे वर चला.”

त्या खोलीत ते इतकं पहिल्यांदाच बोलले होते.

खुर्च्यांवरच्या आपापल्या उशा उचलून मुलं निघाली. जिना चढेपर्यंत कुणी चकार शब्द काढला नाही. वर गेल्यावर मात्र एकच गलका झाला : कुठे जागा मिळेल, कोण कुणाबरोबर जाणार. काका खाली उभे राहून ऐकत होते. एवढी बोलकी मुलं आपल्याकडे होती आणि ते आपल्याला आज कळलं, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

आम्रपाली शेवटी राहिली. “काका, माझी उशी असू दे इथेच. भिंत वाळली की मी येतेच.”

“इथे बुरशी धरेल गं. वर ठेवतो. वर ऊन येतं.”

बाहेरून खणलं, भिंत दुरुस्त झाली, दिवाळीनंतर खडखडीत वाळली. काकांनी खुर्च्या पुसल्या, पाटी पुसली, दार उघडं ठेवलं. मुलं गेली तिथेच रुळली होती. आम्रपालीचा फोन आला. तिला नागपूरला नोकरी लागली होती. काकांना मनापासून आनंद झाला. उशीचं विचारायला ती विसरली, आणि त्यांनीही आठवण करून दिली नाही.

ती उशी ते रोज बाल्कनीत उन्हात घालतात. उन्हं उतरली की आत घेतात, आणि घेण्याआधी उलटा हात लावून बघतात, ओल तर नाही ना.