पाठमोरा स्फोट

आक्कांचं उभं आयुष्य विमानांचे मार्ग आखण्यात गेलं. कचेरीत आल्या त्या टायपिस्ट म्हणून. वाऱ्यांची माहिती टाइप करता करता वारा वाचायला शिकल्या आणि शेवटी मार्ग आखणाऱ्यांच्या खुर्चीत बसल्या. वादळ कुठून येणार, हे त्या चहा ढवळता ढवळता सांगत. सूर्याने मात्र त्यांचं डोकं पार फिरवलं.

मागच्या महिन्यात सूर्यावर अगदी पृथ्वीसमोर मोठा स्फोट झाला. अशा स्फोटातून सुटलेल्या कणांचा मारा ध्रुवाकडे सर्वांत जास्त होतो, म्हणून आक्कांनी धावपळ करून ध्रुवावरून जाणारी विमानं दक्षिणेकडून वळवली. आलं काय? काही नाही! कचेरीभर हसं झालं. आणि आज स्फोट झाला होता सूर्याच्या पार पश्चिम कडेला, जवळजवळ पाठमोरा. तरी कणांचा मारा सुरूसुद्धा झाला.

त्यांनी सौर हवामान केंद्रात फोन लावला. "अहो, समोरून मारलेलं लागत नाही आणि तोंड फिरवून मारलेलं लागतं, हा कुठला न्याय?"

पलीकडचा तज्ज्ञ म्हणाला, "आक्का, हे कण सूर्याच्या चुंबकीय रेषा धरून येतात. सूर्य स्वतःभोवती फिरतो, म्हणून त्या रेषा वाकतात, बागेतल्या फिरत्या फवाऱ्याच्या धारांसारख्या. आपल्याकडे येणारी रेषा त्या कडेजवळूनच निघते."

"मग मारा वाढेल की उतरेल?"

"वाटेत रेषांचा बराच गुंता असतो. छातीठोक नाही सांगता येणार. इशारा मधल्या पायरीचा आहे, निर्णय तुमचा."

ध्रुवावरून जाणाऱ्या, अजून न सुटलेल्या आजच्या विमानात त्यांची लेक हवाई सुंदरी होती. तिला दिवस गेले होते, आणि असा मारा पोटातल्या बाळाला बाधू शकतो. ते आईखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं. "एवढी फेरी करते, मग सांगते," असं ती म्हणाली होती.

आक्कांनी लांबचा मार्ग दिला. कॅप्टन वैतागला. "पुन्हा तेच? इंधन वाढणार, माल उतरवावा लागणार."

"उतरवा," आक्का म्हणाल्या. मग त्यांनी लेकीला फोन केला. "मार्ग बदललाय. पण तो इशाऱ्यामुळे बदलला की तुझ्यामुळे, हेच मला कळेना. तू उतर बाई."

लेकीने आपण होऊन वरिष्ठांना सांगितलं आणि ती उतरली. विमान तिच्याशिवाय गेलं, लांबच्याच वाटेने.

ते ध्रुवाजवळ पोचलं असतं, त्याआधीच मारा ओसरला. "का ओसरला?" आक्कांनी विचारलं. "बहुधा आपण दुसऱ्या रेषेवर आलो," तज्ज्ञ म्हणाला. त्या 'बहुधा'ने आक्का आणखीच गोंधळल्या.

त्या तडक साहेबांकडे गेल्या आणि लेकीची गोष्ट सांगून टाकली. साहेबांनी इशारा पुन्हा वाचला. "मीही वळवलं असतं. पण पुढच्या वेळी घरचं माणूस असेल, तर आधी मला हाक मारा."

लेकीला जमिनीवरचं काम मिळालं. आक्का खुर्चीत परतल्या. आपण बरोबर केलं की चूक, हे त्यांना तेव्हाही उमगलं नव्हतं.