सानूने वाचलेला टी-शर्ट

शनिवारी सकाळी सानूचा कान ठणकायला लागला, म्हणून तिला घेऊन सिडकोतल्या लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेले. नेहमीप्रमाणे तुडुंब गर्दी... पोरं रडतायत, आया वैतागल्यात आणि आमचा नंबर यायला अजून बराच वेळ.

समोरच्या बाकावर एक तरुण बाप तान्ह्या बाळाला छातीशी धरून बसला होता. शेजारी त्याची आई. सिल्लोडजवळच्या गावाहून अंधारातच निघालो, लेकराला रात्रभर ताप होता, ही सगळी माहिती आजींनी आल्या आल्या सगळ्यांना देऊन टाकली होती. बाप बिचारा नुसती बाळाची पाठ थोपटत होता.

आता सानूबद्दल थोडं सांगावं लागेल. माझी लेक, तिसरीत आहे. तोंडाची टकळी दिवसभर चालू, पण वाच म्हटलं की ओठ शिवल्यासारखे. दिवाळीच्या आधी वर्गात वाचताना ‘ज्ञ’पाशी अडली, पोरं हसली... आणि तेव्हापासून तिने मोठ्याने एक अक्षर वाचलं नाही.

मी काय काय करून पाहिलं! लाडीगोडी, आईस्क्रीमची लाच, स्कूटीवरून जाताना दुकानांच्या पाट्या मुद्दाम चुकीच्या वाचणं... बाईसाहेब ढिम्म. शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, मागे लागू नका, वाचेल तिची तिची. मागे न लागणं मला जन्मात जमलेलं नाही, तरी गप्प बसले. आतून मात्र भीती वाटायची, ही अशीच मिटून राहिली तर काय?

तर... नर्सने बाळाला वजन करायला आत नेलं आणि इतका वेळ बाळाने झाकलेला बापाचा टी-शर्ट दिसला. काळा कपडा, त्यावर हिंदीत ही एवढाली पांढरी अक्षरं. हल्ली मिळतात ना तसले, कॉलेजची पोरं घालून हिंडतात ते... मी वाचलं आणि घाईघाईने सानूचं तोंड खिडकीकडे वळवायला गेले.

कसलं काय... सुरू झालीसुद्धा.

“ज्ञा... न. ज्ञान. मत. दे.” आणि मग चौथा शब्द.

तो चौथा शब्द मी इथे लिहीत नाही. आपल्या शहरात गाडी चालवणाऱ्याला तो सिग्नलला रोज ऐकू येतो. सानूने तो एकेक अक्षर फोडून, मग जोडून, खणखणीत आवाजात वाचला आणि बक्षीस मिळवल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

अख्खा दवाखाना वळून बघायला लागला. एका बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ही शिवी मीच घरी शिकवली.

माझं काय झालं सांगू? एकीकडे लाजेने मेल्याहून मेल्यासारखं... आणि दुसरीकडे, अगं बाई, हिने ‘ज्ञ’ वाचला! सगळ्यांसमोर! आता रागावले असते तर ती परत गप्प झाली असती. शाबास म्हटलं असतं तर सोमवारी तो शब्द वर्गात पोचला असता. मी उगाच तिची दवाखान्याची फाईल चाळायला लागले, आणि सानूचा चेहरा उतरायला लागला.

“चुकलं का?” तिने हळूच विचारलं.

पण माझ्याआधी समोरच्या आजी हलल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी लेकाला विचारलं, खरंच असं लिहिलंय का रे यावर? त्याने मान खाली घातली. मग आजींनी त्याची जी काही काढली... हा शर्ट दर आठवड्याला मी हातानं घासते, वाळत घालते, मला वाटलं काही चांगलंच लिहिलं असंल, हे त्यांनी सगळ्या दवाखान्याला ऐकवलं.

मग सानूकडे वळून म्हणाल्या, “तू बराबर वाचलं, माय. ह्यानंच चुकीचं घातलं.”

एवढं बोलून पिशवीतून बाळाचं पिवळं दुपटं काढलं, बदकं बदकं असलेलं, आणि लेकाच्या गळ्यात लाळेऱ्यासारखं खोचून दिलं. तो बिचारा कानापर्यंत लाल! अंधारात हाताला लागला तो घातला ताई, लेकराच्या तापापुढं काही सुचलं नाही, असं म्हणाला. मला त्याचा रागच येईना. सगळे हसले, सगळ्यांत जास्त सानू.

मी तिला जवळ घेतलं. ‘ज्ञ’ एकदम मस्त वाचलास, फक्त तो शेवटचा शब्द आपण बोलायचा नाही, एवढं सांगितलं.

“मग छापतात कशाला?”

दुपट्यातल्या बापाने माझ्याकडे पाहिलं, आणि दुपटं आणखी वर ओढून घेतलं. ज्याने त्याने हवं ते घालावं, या मताची मी आहे. अजूनही आहे. पण नुकतं वाचायला लागलेलं पोर समोर दिसेल ते सगळं वाचतं, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मित्रांत काय घालायचं ते घाला, पण लेकरांच्या दवाखान्यात येताना आरशात एकदा बघावं की...

बाळाचा ताप साधाच निघाला, सानूच्या कानाला थेंब मिळाले. आजींचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पण माझ्या लेकीचा तो उतरलेला चेहरा तुम्ही सावरलात आजी, हे मी विसरणार नाही.

घरी येताना सानू मागे बसून मोठमोठ्याने पाट्या वाचत होती. मेडिकल, गिरणी, ज्ञानेश्वरी ड्रेसेस... एक मोठी पाटी वाचून व्हायची होती, म्हणून तिने मला थांबायला सांगितलं. मी स्कूटी अगदी हळू केली, तर मागून एका बाईकवाल्याने हॉर्न वाजवला आणि जाता जाता तोच चौथा शब्द हासडला.

“आई, तो शब्द!”

“असू दे,” म्हटलं. “तू पाटी वाच.”