अवस लागायच्या आत

सासऱ्यांना गिरणीने डिस्चार्ज देऊन कामावरून काढलं तेव्हा आमच्या घरात दोन दिवस कोणी धड जेवलं नव्हतं. आणि सत्तरच्या दशकातल्या त्या दुपारी, भिवंडीच्या एका दवाखान्यात, तोच शब्द ऐकून मी नाचायचीच काय ती बाकी राहिले होते. "मुलीचं वजन भरलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज डिस्चार्ज!" एकवीस दिवस मी याचीच वाट बघत होते. माझं पहिलं बाळ याच दवाखान्यात गेलं होतं आणि मी रिकाम्या हातांनी घरी परतले होते. आता मला तिथे एक क्षणही थांबायचं नव्हतं.

सासूबाई मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन नर्सला तिथी विचारून आल्या. "सांजेला अवस लागते. त्याच्या आधी पोर घरात पायजे. न्हायतर परवा नेऊ."

परवा! माझं डोकंच फिरलं. "आई, मी आजच जाणार," म्हणत मी दुपटी पिशवीत कोंबायला लागले.

ह्यांनी मित्राचा टेम्पो आणला, एरवी नारपोलीहून कापडाचे तागे वाहणारा. सह्या, कागद, औषधं यांतच पाच वाजले. बाळाला छातीशी धरून मी पुढे बसले, मित्राने चावी फिरवली, आणि टेम्पो नुसता कण्हून गप्प. बॅटरी डिस्चार्ज! मला हसावं की रडावं कळेना. "अहो, ढकला ना!" मी आतूनच ओरडले. लूमवरून शिफ्ट सुटलेले दोघे "जोर लगाओ, भाई!" करत धावत आले. आरशात बघते तर सासूबाईही पदर खोचून मागे! टेम्पो एकदाचा धडधडला, सगळ्यांनी आरडाओरडा केला, मीही केला. बाळ तेवढं झोपलेलं.

टेमघरला आमच्या घरी पोचेस्तोवर दिवेलागण होऊन गेली होती. मी खाली उतरेना. आता सासूबाई मला दारातच अडवणार, आणि अडवलंच तर मी भांडणार, असं मी पक्कं ठरवलं होतं.

सासूबाई आत गेल्या आणि भाकरतुकडा, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या.

"आई, अवस लागली ना?" न राहवून मीच विचारलं.

"लागू दे," बाळावरून तुकडा ओवाळत त्या म्हणाल्या. "मागल्या येळेला रिकाम्या हातानं आलीस, तवा पुनव होती. ये आत."