बापूकाकांचा माईक आणि सायकलीची बारी

आमच्या घरात सायकलीचा विषय निघाला की तात्या उठून बैलांना पेंड घालायला जायचे. बैलांचं त्यामुळे चांगलं चाललं होतं.

तात्या म्हणजे माझे वडील. मुक्काम निमगाव सावा, राहणार मळ्यात, आणि जन्माचा नाद बैलगाडा शर्यतीचा. आमच्या जुन्नर-आंबेगावात गावाची यात्रा म्हटली की बैलगाडा आलाच. चढाचा घाट असतो, खाली बैल जुंपतात, झेंडा पडला की बारी, म्हणजे पाळी आलेला गाडा, धुरळा उडवत वर येते आणि निकाल सेकंदावर लागतो. अशा घरात जन्म घेऊन मला नाद लागला तो युरोपातल्या तीन तीन आठवडे चालणाऱ्या सायकल शर्यतींचा. तोही टीव्हीवर बघण्याचा. सायकल चालवण्याचा नाही (माझी तब्येत बघून हा खुलासा सहसा कुणी मागत नाही).

या नादात मला जोडीदार एकच, जुन्नरचा इरफान. त्याचं तिथं सायकलींचं दुकान आहे. मी नारायणगावात खतं-औषधं विकतो, तो जुन्नरला पंक्चर काढतो आणि रात्रीची जेवणं झाली की दोघं मिळून फोनवर आल्प्स चढायचो. डोंगराचा टप्पा असला तर बोलायलाच नको.

"तो फार लवकर पळाला रे," मी म्हणायचो.

"पण मागच्यांनी जाऊ कसा दिला? सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले."

एकदा माझ्या बायकोनं, सुनंदानं, एवढंच ऐकलं आणि काळजीनं विचारलं, "अहो, कुणाची मुलगी गेली?"

तर त्या वर्षी मे महिन्यात यात्रांचा हंगाम संपला. शेवटची यात्रा शनिवारी झाली आणि रविवारी सकाळपासून तात्या घरात मुहूर्त चुकलेल्या नवरदेवासारखे फिरू लागले. त्याच दिवशी शर्यतीतला सगळ्यात अवघड डोंगराचा टप्पा होता. मी संधी साधली. "तात्या, आज एकदा बसा माझ्याबरोबर. दोन तास. हाही घाटच आहे."

तात्यांनी उचललेली पेंडीची पाटी खाली ठेवली. "बसतो. पण एकदाच. मला पटलं, तर चार लोकांत सांगीन की माझ्या पोराचा नाद खरा हाय. न्हाई पटलं, तर परत ह्या घरात सायकलचं नाव काढायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. चाळिशी ओलांडलेल्या माणसालाही वडिलांनी चार लोकांत बरं म्हणावं असं वाटतं. हे मी कुणाला सांगत नाही, पण वाटतं, आणि लई वाटतं.

ऊन उतरताना टीव्ही ओट्यावर आणला. समोर अंगणात सगळं घर बसलं. डोंगर आले, सायकली आल्या आणि मागून इंग्रजीत दोन माणसं सावकाश बोलू लागली. तात्यांनी थोडा वेळ ऐकलं. "हे काय पुटपुटत्यात? शर्यत हाय का मयत?"

पहिल्याच चढाला माझी गाडी घसरायला लागली. तेवढ्यात माझी नजर बापूकाकांवर गेली आणि मला ती सुपीक कल्पना सुचली. बापूकाका म्हणजे तात्यांचे धाकटे भाऊ आणि बैलगाड्याचे नामांकित निवेदक. दोन तालुक्यांत त्यांचा आवाज ओळखत नाही असं माणूस नाही. त्यांनी माईकवर "भिर्रर्रर्र" केलं की बारीत नसलेले बैलसुद्धा दावं तोडतात.

"काका, तुमीच सांगा की मराठीतून. मी शेजारी बसून कानात सांगतो काय चाललंय ते."

"माईकबिगर माझा गळा सुटत न्हाई, दत्ता."

"मग लावा की माईक."

आदल्या दिवशीच्या यात्रेतून आलेले दोन कर्णे काकांच्या पिकअपवर तसेच बांधलेले होते. वायर मी स्वतः जोडली. (पुढे पोलिसांनाही मी हे असंच सांगितलं.)

त्यानंतर जे झालं ते सांगताना आजही अंगावर काटा येतो. काकांनी घसा खाकरला आणि आल्प्स आमच्या मळ्यात उतरला. "आला, आला, आला! हिरव्या सदऱ्याचा बारका गडी आला! मागं सगळी फौज, म्होरं एकटा वाघ! उचल बारक्या, उचल!" बारक्या हे नाव तिथंच पडलं. त्याचं खरं नाव मी काकांच्या कानात दोनदा सांगितलं होतं. ते त्यांना आवडलं नाही.

तात्या खुर्चीत पुढे सरकले. "ह्यो एकटाच का पळतोय?"

"डोंगरात जो सगळ्यांच्या पुढं राहील त्याला निळा सदरा देतात, तात्या."

"म्हंजे घाटाचा राजा. आपल्याकडं मोटारसायकल देत्यात." तात्यांचा चेहरा पडला. "एवढ्या चढाला नुसता सदरा? अन् त्योबी एकच?" पण आता ते टीव्हीवरून नजर काढेनात. मी मनात पेढे वाटायला सुरुवात केली.

तेवढ्यात अंगणाच्या तोंडाशी एक पिकअप थांबली. मागे शिंगं रंगवलेली बैलांची जोडी. खोडदचे एक गाडामालक खाली उतरले आणि मला म्हणाले, "भाऊ, टोकन कुठं मिळतंय?"

"कसलं टोकन?"

"बारीचं. बापूचा आवाज आला वाऱ्यावर. म्हणलं, हंगाम संपला असं उगंच सांगितलं लोकांनी."

मी टीव्हीकडे बोट दाखवलं, तोवर दुसरी पिकअप आली. तिच्यामागे तिसरी. मग बैलांच्या पुढे पळवतात तसली एक घोडी आली, तिच्यामागे भेळेची गाडी. भेळवाला आला म्हणजे शर्यत पक्की, हा आमच्याकडचा नियम आहे. तो कधी चुकीच्या ठिकाणी जात नाही. त्याला पाहून उरलेली वाडी आली.

फोन वाजला. इरफान होता. तो टप्पा बघायलाच जुन्नरहून निघाला होता. "दत्ता, तुमच्या फाट्यावर मी अडकलोय. सगळा रस्ता जाम. बैलगाडा आहे म्हणतात तुमच्याकडं. मला सांगितलं पण नाहीस."

"इरफान, बैलगाडा नाहीये. आपलाच टप्पा आहे."

"आपल्या टप्प्याला एवढी माणसं?" त्याचा आवाज भरून आला होता.

पाठोपाठ पोलीस पाटील घाईघाईनं आले. "दत्ता, शर्यतीची परवानगी कुठं हाय? बिगर परवानगीची शर्यत घेतलीस तर गुन्हा दाखल व्हईल. ठाण्यातनं हवालदार निघाल्यात."

"पाटील, बैल पळतच नाहीयेत. सायकली पळतायत, त्याही युरोपात."

"मग ही बैलं काय वाजवायला आलीत?"

माईक बंद करावा म्हणून मी वळलो, तर तात्या उभे राहिले होते. बारक्याच्या मागे आता तिघं लागले होते आणि तात्यांची मूठ आवळलेली होती. "माईकला हात लावशील तर बघ," ते म्हणाले. "फाट्यावर जा अन् गाड्या माघारी फिरव."

मग मी गेलो. किती अंतर उरलं ते काकांना दिसावं म्हणून मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि पाटलांना घेऊन फाट्यावर धावलो. वाटेत इरफान भेटला. "तू जा, काकांच्या शेजारी बस," मी म्हणालो. तो मागे वळून न बघता गेला. मैत्रीत एवढी आज्ञाधारकता मी कधी पाहिली नव्हती.

फाट्यावर मी हात आडवे करून उभा राहिलो. "माघारी फिरा, बैलगाडा नाही. सायकलची शर्यत आहे, टीव्हीवर."

"बापू सायकलीला भिर्र करतोय?" मंचरकडचे एक गाडामालक म्हणाले. "आरं, मग बघायलाच पायजे." बैल गाडीत ठेवून ते चालत आत गेले. पुढच्यानं तेच केलं. मी माघारी फिरवत होतो आणि माणसं आत जात होती. रस्ता मोकळा राहावा म्हणून मी गाड्या एका बाजूला, तिरक्या, ओळीत लावून घेतल्या. हवालदार आले. मी सगळं खरं सांगितलं, वायरीसकट. "आत जाऊन तपास करतो," ते म्हणाले. त्यांच्यामागे पाटीलही तपासाला गेले. दोघंही बाहेर आले नाहीत.

आता फाट्यावर मी होतो आणि पिकअपमधले बैल होते. कर्ण्यांतून काकांचा आवाज येत होता. "मागचा आला... शेजारी आला... बारक्या दमून सीटवर बसला... आरं ऊठ, पायडलवर ऊठ! उठला! भिर्रर्रर्रर्र..." आणि मग एवढा गलका झाला की पुढचं काहीच ऐकू येईना. जिंकला की हरला? मी बैलांकडे पाहिलं. ते रवंथ करत होते.

धावत अंगणात पोचलो तर सगळे पिवळे! काकांकडचा भंडारा कमी पडला म्हणून कुणीतरी सुनंदानं वर्षासाठी दळून आणलेल्या हळदीचा डबा आणून उधळला होता. (त्या वर्षी आमच्याकडे वरण पांढरं होतं.) इरफानच्या डोक्यावर फेटा होता आणि खांद्यावर हवालदारांचा हात. बारक्या जिंकला होता! आणि तात्यांच्या हातात माईक होता.

"मंडळी," तात्या म्हणाले, "दोन पायांचा माणूस, मागं काय वढायला न्हाई, म्होरं कुणी हाकायला न्हाई, अन् असा घाट! मी आजवर हसलो. चुकलो. माझ्या दत्ताचा नाद खरा हाय!"

चार लोकांत सांगतो म्हणाले होते. तिथं सारी पंचक्रोशी होती. मला हुंदका आवरेना. त्या पाच मिनिटांत मी जगातला सगळ्यात सुखी मुलगा होतो, आणि हळद डोळ्यांत गेली असं सांगायची सोयही होती.

माईक खाली ठेवून तात्यांनी माझा हात धरला. "अन् शेवटच्या वळणाला काय उठला रे त्यो! बघितलंस न्हवं?"

"न्हाई तात्या. मी फाट्यावर व्हतो."

सगळ्यांनी माझ्याकडे कणवेनं पाहिलं. भेळवाल्यानं न मागता एक कागद भरून हातात दिला.

तेव्हापासून डोंगराचा टप्पा असला की तात्या आणि इरफान तासन्‌तास फोनवर असतात. मी मध्ये काही बोलायला गेलो आणि ते शेवटचं वळण मी नंतर मोबाईलवर पाहिलंय असं सांगितलं, तरी तात्या फोनवर हात ठेवून म्हणतात, "शिळं बघितलंस तू. गप बस." यंदा यात्रा कमिटीनं मला एकमतानं पद दिलं, आणि घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तात्या मोठ्या कौतुकानं माझी ओळख करून देतात: "ह्यो आमचा थोरला. शर्यतीतलं ह्याला काय कळत न्हाई, पण पार्किंगला असा माणूस दोन तालुक्यांत गावायचा न्हाई."