शितानं चिकटवलेलं खोकं

जुन्या क्रिकेट कार्डांची सीलबंद खोकी ऑनलाइन लिलावात येतात. त्यातलं कुठलं उघडून पुन्हा चिकटवलंय, ते मी फोटो मोठा करून ओळखतो. कारखान्यातला डिंक सरळ रेघेत असतो, घरचा फासलेला दिसतो. असं दिसलं की विकणाऱ्याला तिथंच झापतो. छावणी भागातल्या या घरात दिवसभरात माझं कुणाशी बोलणं होतं ते एवढंच.

माझ्याकडं एकच खोकं आहे, लहानपणी मामानं दिलेलं. त्यावरून थोरल्या भावाशी लई भांडलो, तेव्हा आईनं ते कपाटावर ठेवलं आणि दोघांनी मिळूनच उघडायचं असं बजावलं. ते राहूनच गेलं. मागच्या वर्षी भाऊ वारला.

परवा असाच एकाला झापून झाल्यावर भिंगाखाली आमचंच खोकं धरलं. झाकणाच्या कडेला वाळलेलं भाताचं शीत होतं. आमच्या घरी पत्रांची पाकिटं शितानंच चिकटवायचे.

"लबाडा, एकट्यानं उघडलंस व्हय?" मी ओरडलो.

मग मीही उघडलं. आतली कार्डांची सगळी पाकिटं बंदच होती. भावानं नुसतं पाहून परत ठेवलं होतं.

कुकरमध्ये माझ्यापुरता भात होता. त्यातलं एक शीत घेतलं आणि झाकण पुन्हा चिकटवलं.