इयर बॅक आणि अक्का
चुरमुऱ्यांच्या गिरमिटावरच्या कच्च्या कांद्याचा वास आला की विद्यानगरातला तो गाडा आठवतो. त्या दिवशी निकाल लागला होता. पाच विषय राहिल्यानं माझ्या मैत्रिणीला इयर बॅक लागला. मी तिसऱ्या वर्षाला गेले, ती पुन्हा दुसऱ्यालाच. तरी नेहमीसारखं एकाच कागदातलं गिरमिट खात आम्ही उभ्या होतो. एरवी ती मला 'येडे' म्हणायची. आमच्याकडं ज्युनियर मुली सीनियरला अक्का म्हणतात, म्हणून मिरची माझ्याकडं सरकवत ती हसून म्हणाली, "घ्या अक्का, आता तुम्ही सीनियर की!" मीही हसले. पण कॉलेज उघडल्यावर चारचौघींत ती खरंच अक्का म्हणायला लागली, आणि हळूहळू तेवढंच बोलणं उरलं. आता अख्खी गल्ली मला अक्काच म्हणते. येडे म्हणणारी ती एकटीच होती.