मुलाखतीतला ‘अच्छा’

समोरचा माणूस बोलू लागला की काका खुर्चीच्या टोकाशी सरकायचे आणि म्हणायचे, ‘अच्छा.’ दर वाक्याला. कधीकधी तर वाक्याच्या मधेच.

तुम्ही कधी कंपन्यांच्या मुलाखतींचे व्हिडिओ एडिट केलेत का? नसतील, तर माझा वैताग तुम्हाला कळायचा नाही. आमच्या हिंदीभाषक शहरात, राइट टाउन भागातल्या छोट्या स्टुडिओत एडिटिंग माझ्याकडे होतं आणि शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्याशेजारी बसून प्रश्न विचारायचं काम या निवृत्त काकांकडे. प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज व्हिडिओत ठेवायचा नसतो. काकांचा ‘अच्छा’ मात्र नेमका बोलणाऱ्याच्या शब्दावर येऊन बसायचा. तो कापावा तर शब्दही जायचा. त्यात ते मूळ विषय सोडून बोलणाऱ्याच्या सासुरवाडीपर्यंत जायचे. इकडे पहिल्या अर्ध्या मिनिटात पकड आली नाही तर बघणारा दुसरीकडे जातो, हे त्यांना कोण सांगणार?

म्हणजे, मी सांगितलं. शंभरदा सांगितलं, की नुसती मान हलवा.

‘काहून चिडून राहिली बाई? तो इतकं बोलून राहिला, मी का भिंतीसारखा बसू?’

एकदा गोहलपूरच्या एका कारखानदाराने आवाज खराब म्हणून अख्खा व्हिडिओ परत पाठवला. माझं डोकंच फिरलं. मी मालकांना सांगून टाकलं, काका राहणार असतील तर मी नाही. दुसऱ्या दिवसापासून काकांना बोलावणं बंद झालं.

ते एकदा आपणहून आले. माझ्या टेबलाशी उभे राहून हळू आवाजात म्हणाले, ‘माझ्यामुळे खरंच खराब होत होतं का जी?’

मी स्क्रीनवरची नजर न काढता ‘हो’ म्हटलं. ‘चलो, ठीक आहे,’ म्हणून ते गेले. त्या ‘हो’ची मला आजही लाज वाटते.

आता एक बाई कागदावरचे प्रश्न विचारतात आणि गप्प बसतात. आवाज अगदी स्वच्छ येतो. पण माणसं पाठ केल्यासारखी बोलतात. कितीही कापा, मागे संगीत टाका, कोणी शेवटपर्यंत बघत नाही. शेवटी मी काकांना परत बोलवायला शहरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यात त्यांच्या घरी गेले. शेजारीण म्हणाली, ते कायमचे मुलीकडे अकोल्याला गेले.

गेल्या आठवड्यात एका वेल्डरचं शूटिंग होतं. पूर्वी काकांनी त्याला तासभर बोलतं केलं होतं. या वेळी त्याने तीन वाक्यांत सगळं उरकलं. मग कॅमेऱ्याच्या बाजूला बघत विचारलं, ‘वो बड़े भैया नहीं आए?’

अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये तेवढंच एक वाक्य जिवंत होतं. तेच मला कापावं लागलं.